नाकावरून ओळखलेली मादी

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या माझ्या ऑफिसात वर्षातले काही दिवस समाजकार्यासाठी भरपगारी मिळतात. बरेच जण पार्कातला कचरा उचलतात. मी पर्वतीय गोरिलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचा डेटाबेस लावून दिला आणि मग त्यातच अडकले. रवांडाच्या डोंगरात माग काढणारी माणसं गोरिलांचे फोटो काढतात. प्रत्येकाच्या नाकावरच्या सुरकुत्या वेगळ्या असतात, त्यावरून कोण कुठल्या गटात आहे ते समजतं. शंका असलेले फोटो माझ्याकडे यायचे. शनिवारी सकाळी वॉटफर्डच्या घरी, किचन टेबलावर बसून मी ते जुन्या फोटोंशी ताडून बघायचे.

त्या वर्षी सासूबाई सहा महिने आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या पुण्यात प्रसूतिगृहात नर्स होत्या. दुसऱ्याच शनिवारी चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या.

"पाळण्यातली बाळं आम्हीसुद्धा नाकावरूनच ओळखायचो," त्या म्हणाल्या.

साधारण तेव्हाच दोन गट समोरासमोर आले, मोठ्या नरांची जुंपली आणि त्या गोंधळात एक मादी दिसेनाशी झाली. तिचं चारेक वर्षांचं पिल्लू मागेच राहिलं. बरंच शोधूनही ती सापडली नाही. मी तिच्यापुढे 'बेपत्ता' लिहिलं.

"पिल्लाचं काय?" सासूबाई दर शनिवारी विचारायच्या.

"गटाच्या प्रमुखाजवळ असतं. त्याच्या पानांच्या बिछान्यात झोपतं."

"एवढा मोठा नर, आणि जवळ घेतो?"

"घेतो. तिकडच्या लोकांनी लिहून पाठवलंय."

तीन महिन्यांनी पलीकडच्या डोंगरावरच्या गटाचे फोटो आले. त्यात एक नवी मादी होती. नाकाच्या एका बाजूला चिखल लागलेला, फोटो तिरका. मी 'अनोळखी' लिहून पुढे जाणार तोच सासूबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"थांब. ही तीच आहे."

"अहो आई, अर्धं नाक दिसतच नाहीये."

"उरलेलं अर्धं बघ ना."

जुना फोटो शेजारी लावला. उजव्या नाकपुडीवरच्या दोन रेघा खाली येऊन एकमेकींना मिळत होत्या. तरी माझा विश्वास बसेना. संस्थेत हे काम बघणाऱ्या बाईंना मी शंका म्हणूनच कळवलं आणि आणखी फोटो मागितले. ते यायला दोन आठवडे लागले. समोरून, स्वच्छ. तीच होती.

मला आनंद झाला. सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे मेली नव्हती. लेकराला टाकून गेली."

मी त्यांना समजावलं की गोरिलांच्या माद्या गट बदलतात, आणि दोन गट भेटले की बहुतेक तेव्हाच बदलतात. पिल्लू बरोबर नेलं असतं तर नव्या गटातल्या नराने कदाचित ते मारलं असतं. जुन्या गटात ते बापाजवळ, म्हणजे त्या प्रमुखाजवळ, सुरक्षित होतं.

त्या चष्मा काढून पुसायला लागल्या.

"तुझा नवरा चार वर्षांचा असताना मी त्याला जाऊबाईंकडे ठेवून नर्सिंग शिकायला गेले होते. दोन वर्षं. लोक काय काय बोलले."

लग्नाला चौदा वर्षं होऊनही हे मला माहीत नव्हतं. नवऱ्याने कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मी त्याला विचारलं.

तो म्हणाला, "काकूच्या हातची भाकरी आठवते. आणि आई परत आली तेव्हा मी तिला काकू म्हटलं होतं. ती रडली होती, तेवढं आठवतंय."

दुसऱ्या दिवशी मायलेक दोघंच कालव्याकाठी फिरायला गेले. तासाभराने परतले. काय बोलले ते मी विचारलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी 'बेपत्ता' खोडून 'गट बदलला' असं केलं. संस्थेतल्या बाईंनी सासूबाईंना आभाराची मेल पाठवली. ती त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, "त्यांच्याकडे आणखी असे फोटो पडलेत का गं?"