समुद्री मैल : शून्य

आमच्या थोरल्या साडूंइतका निष्ठावंत चाचा सातही समुद्रांवर झाला नसेल, आणि त्यांतला एकही समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. डिंभे धरणाच्या पाण्यावर ते चोवीस वर्षं लाँच चालवतात. अलीकडची माणसं पलीकडच्या डोंगरवाड्यांत सोडायची आणि तिकडची इकडे आणायची, एवढाच त्यांचा व्यवसाय. एकदा कुणी पाहुणा लाँचमध्ये समुद्री चाच्यांच्या इतिहासाचं जाड इंग्रजी पुस्तक विसरला. तो परत येईल म्हणून साडूंनी ते सहा महिने प्लास्टिकच्या पिशवीत जपलं आणि मग माझ्यापुढे ठेवलं. मी जुन्नरच्या एका शाळेत हेडक्लार्क. इंग्रजी येणारा त्यांच्या ओळखीचा सर्वांत स्वस्त माणूस. दर रविवारी एस.टी.नं घोडेगावला त्यांच्या घरी जायचं आणि दहा पानं मराठीतून सांगायची, असं ठरलं. चारशे बारा पानांना बेचाळीस रविवार लागले.

वाचन पुढे सरकू लागलं, तसे चाच्यांचे कायदे आमच्या दोन्ही घरांना लागू झाले. कप्तान मतांनी निवडायचा, हा पहिला. लेण्याद्रीला निघालो तेव्हा जीप सुरू होण्याआधी साडूंनी मतदान घेतलं. एकूण मतं सात. ताई, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, सहा मतांनी निवडून आली. सातवं मत साडूंनी स्वतःला दिलं होतं. त्यानंतर पायऱ्या चढताना मी पायऱ्या मोजत होतो आणि ते मला बंड कधी वैध ठरतं हे सांगत होते. दुसरा कायदा वाटणीचा. मासवडी ताटात आली की ते सुतळीनं मापून सारखे तुकडे करत, आणि करणाऱ्यानं शेवटी उचलायचं, हेही पाळत. कप्तानाला दीड वाटा. मासवडी स्वतः थापूनही दीड वाटाच मिळतो, दोन का नाही, असं ताईनं एकदा विचारलं. साडूंनी दोन दिवस विचार केला आणि पुस्तकात तरतूद नसल्याचं कळवलं. तिसरा कायदा नुकसानभरपाईचा. त्यांच्याकडे येताना घोडेगावच्या स्टँडवर माझा पाय मुरगळला. उजव्या हाताला डाव्यापेक्षा जास्त, डोळ्याला कमी, असा तक्ता पुस्तकात होता. मुरगळणं त्यात नव्हतं. पण जखम मोहिमेवर झालेली. संध्याकाळी मी एका हातात भरपाईचा गावठी कोंबडा आणि दुसऱ्या हातात काठी धरून एस.टी.त चढलो.

हे चाचे मूळचे कोण, ते पान मात्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. एका बेटावर शिकार करून मांस धुरावर वाळवणारी ती साधी माणसं. सत्तेनं त्यांना जमिनीवरून हुसकलं, म्हणून ती होड्यांत बसली, आणि पुढे एकमेकांना भाऊ म्हणू लागली. शेवटच्या प्रकरणात होतं की आपल्या काळात शिडाच्या होड्या चालवणाऱ्या काही लोकांनी दूरच्या देशात त्याच भावांच्या नावानं संघटना काढली. लूट नाही, फक्त भाऊपणा. आता तिच्या शाखा देशोदेशी आहेत. पुस्तकाच्या मागे पत्ता छापला होता. साडूंना तिथे भाऊ व्हायचं होतं. दुसरं काही मी त्यांना मागताना पाहिलेलं नाही.

मी त्या पत्त्यावर पत्र टाकलं आणि फॉर्म माझ्या घरी आला. पहिलाच प्रश्न, समुद्रावर किती मैल प्रवास केला. मी आदल्या रात्रीच हिशेब करून ठेवला होता. सहा किलोमीटरची खेप, दिवसाला चार, पाणी उतरतं ते दिवस वजा जाता वर्षाला दोनशे ऐंशी दिवस, चोवीस वर्षं. एक लाख एकसष्ट हजार दोनशे ऐंशी किलोमीटर. पृथ्वीला चार प्रदक्षिणा, वर नऊशे ऐंशी शिल्लक. आयुष्यात पहिल्यांदाच चुकीच्या रकान्यात बरोबर आकडा लिहायला माझी तयारी होती.

“भाऊ, त्यांनी खाऱ्या पाण्याचं इचारलंय,” साडू म्हणाले. “हे गोडं हाय. भावाला पहिल्याच कागदात थाप मारायची व्हय? शून्य लिव्हा.”

मी शून्य लिहिलं. पुढचा प्रश्न, आपल्याला का यायचं आहे. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव नाव पडलं ते जुनं गाव या धरणाच्या पाण्याखाली आहे आणि साडू तिथले, हे मला लग्नापासून माहीत होतं. त्यावर ते कधी बोलत नसत, म्हणून मीही विचारलं नव्हतं.

“लिव्हा,” ते म्हणाले. “आमचं गाव पाण्याखाली गेलं. माणसं चार वाटंला गेली. तवापास्नं मला भाऊ म्हणणारं समदं पावणंच हायेत.”

तीन महिन्यांनी अर्ध्या पानाचं उत्तर आलं. मी अर्धी रजा टाकून ते घेऊन थेट धक्क्यावर गेलो. मजकूर सभ्य होता. समुद्राचा अनुभव नसल्यानं प्रवेश देता येत नाही, वारा तुमच्या पाठीशी असो. एखादं वाक्य सौम्य करावं असं वाटलं, पण जसं होतं तसं सांगितलं.

“खरं लिव्हलं त्यांनी,” ते म्हणाले आणि लाँच सोडायला उठले. मला पोहता येत नाही. इतक्या वर्षांत मी त्या लाँचमध्ये पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी बसलो.

पाण्याच्या मध्यावर आल्यावर त्यांनी इंजिन हळू केलं. माणसं आपोआप गप्प झाली. काही बिघडलं का, असं मी विचारलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “खाली पेठ हाय. गावातनं जाताना बेतानं जायाचं.”

मी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटांनी त्यांनी पुन्हा वेग घेतला. गाव एवढं मोठं होतं, हे मला ठाऊक नव्हतं.