दिदिमणींच्या घराला मी नावं ठेवली

ज्या बाईंनी मला इंग्रजी शिकवलं, त्यांच्यावर माझा अजून राग आहे. वाईट शिकवलं म्हणून नव्हे. फार चांगलं शिकवलं म्हणून.

मी सांगलीकडच्या दुष्काळी तालुक्यातला. दहावी नापास होऊन कोलकात्याला आलो, दुसऱ्याच्या भट्टीवर सोनं गाळलं आणि पुढे बहूबाजारात स्वतःची भट्टी टाकली. हिंदी बोलतो, बांगला बोलतो, दोन्हींत भांडतो. पण मुलगी मोठी झाली आणि माझ्याशी इंग्रजीत भांडायला लागली. घरात हरायची मला सवय नाही. म्हणून बेहाला भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेकडे शिकवणी लावली. सगळे त्यांना दिदिमणी म्हणत, म्हणजे आपल्याकडच्या शाळेतल्या 'बाई'. वर्गात आम्ही दोघंच: मी आणि सियालदहच्या बाजारातला एक मासळीचा आडत्या. त्याला परदेशी जावयाशी फोनवर बोलायचं होतं.

सुरुवातीला माझं डोकं चालेना. मग तुलनेचा धडा आला आणि मी उठून बसलो, कारण हा तर माझाच धंदा. 'दॅन' म्हणजे तराजूचा काटा. एका बाजूला माझा माल, दुसऱ्या बाजूला तुमचा. शब्द आखूड असेल तर त्याला मागे 'अर' जोडायचं. लांबलचक असेल तर त्याला शेपूट झेपत नाही, मग पुढे 'मोअर' उभं करायचं. दोन्ही पारडी सारखी असतील तर 'ॲज' आणि पुन्हा 'ॲज'. काम कसं होतं हे सांगायचं असेल, तर 'मोअर स्लोली'. फक्त 'गुड'चं 'बेटर' कसं होतं यावर मी भडकलो.

"नियम केला तर सगळ्यांना सारखा पाहिजे, दिदिमणी!"

"तुमच्या दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना एकच भाव असतो का?"

मी 'बेटर' वहीत लिहून घेतलं.

मी खरंच शिकवणीला जातो की आणखी कुठे, हे बघायला बायको एकदा सोबत आली. दिदिमणींनी तिला घर दाखवलं. दक्षिणेकडे गॅलरी, गॅलरीत वारा, खाली शेवग्याचं झाड. दिदिमणी बोलता बोलता म्हणाल्या, मुलाकडे बेंगळुरूला जायचंय, घर विकणार आहे. परतताना बसमध्ये बायको म्हणाली, "अहो, घ्यायचं तर हेच. वीस वर्षं भट्टीच्या धुरात काढली. आता मला ती गॅलरी पाहिजे."

मी म्हटलं, "मिळाली समज. फक्त तू तिथे तोंड उघडू नकोस."

आमच्या धंद्यात पहिला नियम हा. कुणी जुना दागिना आणला की तो कसोटीच्या दगडावर घासायचा आणि तोंड वाकडं करायचं. माल जितका आवडला तितकं जास्त वाकडं.

पुढच्या आठवड्यात दिदिमणींनी स्वतःच संधी दिली. "आज तुलना. माझं घर आणि तुमचं घर. बोला."

मी सुटलोच. हे स्वयंपाकघर माझ्या स्वयंपाकघरापेक्षा अंधारं आहे. "करेक्ट." हा नळ माझ्या नळापेक्षा हळू वाहतो. "क्रियाविशेषण! व्हेरी गुड." गल्लीतलं सगळ्यात जुनं घर हेच. "करेक्ट." शेवटी मी म्हणालो, "द स्टेअरकेस इज मोअर डेंजरस दॅन हावडा स्टेशन."

दिदिमणींनी दारातून जिन्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "करेक्ट." मला वाटलं, भाव उतरला.

आडत्याची पाळी आली. तो घाम पुसत म्हणाला, "दिदिमणी, युवर हाउस व्हेरी ब्युटिफुल."

"ही तुलना नाही. कशापेक्षा?"

"दॅन नथिंग, दिदिमणी. ओन्ली ब्युटिफुल."

दिदिमणींनी त्याच्या वहीत लाल फुली मारली. मी मनातल्या मनात हसलो.

पुढच्या वेळी मी मुद्दाम लवकर गेलो आणि घराचा विषय काढला. दिदिमणी म्हणाल्या, "शब्द दिला मी. यांना." आडत्या माझ्याही आधी येऊन बसला होता. तो स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला.

माझा तोल गेला. "याला? याला एक वाक्य धड येत नाही!"

"दादा, मी काही केलं नाही," आडत्या म्हणाला.

"तू गप!"

"घर द्यायला मी परीक्षा घेतली नव्हती," दिदिमणी म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यानं तो जिना उन्हात उभं राहून बांधून घेतला. त्या जिन्याला तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

"ती आमची पद्धत आहे! आवडलं की नावं ठेवायची. न आवडलेल्या वस्तूवर मी एवढं तोंड वाजवत नाही. बायकोला विचारा, तिचा जीव अडकलाय त्या गॅलरीत!"

दिदिमणींनी चष्मा काढून पुसला. "असं होय. मग त्या गॅलरीबद्दल एक चांगलं वाक्य बोला. शब्द आता फिरणार नाही. पण मला ऐकायचंय."

मी उभा राहिलो. गॅलरीत ऊन होतं, वारा येत होता. मनात सगळं होतं, पण विकणाऱ्याच्या तोंडावर मालाची स्तुती मी आयुष्यात केली नव्हती. जीभ वळेना. आडत्या हळूच म्हणाला, "ब्युटिफुल म्हणा, दादा."

"धिस बाल्कनी," मी म्हणालो, "इज बेटर दॅन द किचन."

दिदिमणी हसायला लागल्या, आडत्याही हसला. "करेक्ट," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसत आत चहा ठेवायला गेल्या. मी चहा न घेता निघून आलो.

बायकोला सगळं सांगितलं. मी म्हणालो, याहून चांगलं घर बघू. ती म्हणाली, "पेक्षा, याहून, त्याहून. बास झालं."

आता ती घरं एकटी बघते. मला खाली चहाच्या टपरीवर बसवते आणि बजावून जाते, "वर यायचं नाही. कुणी विचारलंच, तर आपली ओळख नाही म्हणून सांगा."