सुभेदारांचा सबवूफर

चहा पिऊन झाला की सुभेदार कपबशी माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "कप एक, बशी एक. घेतली ताब्यात?"

मी "घेतली" म्हणेपर्यंत ते हात सोडायचे नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. फौजेत ड्युटी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला एकेक वस्तू दाखवून, मोजून देतो. त्याला ते 'हॅन्डिंग-टेकिंग' म्हणतात. पेन्शनीत आल्यावरही सुभेदारांनी ते सोडलं नव्हतं. "आर्दवट टाकून जाणारा मानूस मला आवडत न्हाई," म्हणायचे. "जायचं तर चार्ज देऊन जावं."

असा एखादा फौजी तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या चपला दारात सावधान उभ्या असतात.

कराडात माझं स्पीकरचं दुकान आहे. वडिलांचं होतं, आता माझं. घरात लावायचे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यांची दुरुस्ती. वडील गेल्यावर बऱ्याच जणांना वाटलं, मी शटर ओढून घरी बसेन. अजूनही नवं गिऱ्हाईक येतं, माझ्या डोक्यावरून आत बघतं आणि म्हणतं, "मालक कुठायत?" मी सांगते, "जेवायला गेलेत, तोवर माझ्याशी बोला." सुभेदारांनी असलं काही विचारलं नाही. आले, स्टुलावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, भैऱ्या मानसाला कळंल असा स्पीकर हाय का?"

मी म्हटलं, "आवं, कानाच्या डॉक्टरकडं जावा की."

"जाऊन आलो. कानात घालायचं मशीन बी घेतलं. ते शिट्ट्या मारतंय म्हणून ती काढून डब्यात ठेवती."

ती म्हणजे त्यांची बायको. मी पुढं त्यांना काकी म्हणायला लागले. काकींना बारीक आवाज ऐकू यायचे बंद झाले होते. चमचा पडलेला, फोन वाजलेला, माणसाचं बोलणं, सगळं गेलं होतं. जाड आवाज तेवढा अजून थोडा कळायचा, तोही कानापेक्षा अंगाला जास्त. पूर्वी गावात कुणाच्याही दारात बसून तासभर गप्पा मारणारी बाई आता चारचौघांत जात नव्हती. लोक हसले की आपल्यालाच हसले असं तिला वाटायचं. घरातही बोलणं कमी झालं होतं. सुभेदारांचा जीव त्यापायी टांगणीला लागला होता.

काकींचं माहेर आटपाडीकडचं. तिथं जत्रेत गजी ढोल वाजतात. गळ्यात अडकवलेले हे मोठाले ढोल, आणि त्यांच्या ठेक्यावर फेर धरून नाचणारे बाप्ये. काकींच्या भाच्यानं ते मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवलं होतं. "फोन छातीला लावून बसती," सुभेदार म्हणाले. "त्या एवढ्याशा फोनात ढोल कुठला घावायचा? तरी बसती."

तेव्हा मी त्यांना सबवूफर दाखवला. तुम्हाला माहीत असेलच, आवाजाचा सगळ्यात खालचा, जाड भाग तेवढा काढणारी ही पेटी. सुभेदारांनी पेनड्राइव्ह आणला होता. मी ते रेकॉर्डिंग दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि लावलं. त्यांनी पेटीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. ढोल संपेपर्यंत हात हलवला नाही. मग म्हणाले, "ह्योच पायजे."

आता गाडं पुढं जायला हवं होतं, पण इथंच अडकलं. कारण सबवूफर दोन तऱ्हेचे असतात. पॅसिव्ह म्हणजे नुसती पेटी आणि आत थरथरून आवाज काढणारा कोन. तिला वाजवायला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. दुसरा पॉवर्ड, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर पेटीच्याच पाठीत बसवलेला. प्लग लावला की झालं. सुभेदारांनी एकाचं नाव 'इंजनाचा' ठेवलं आणि दुसऱ्याचं 'बिनइंजनाचा'.

मी त्यांना बिनइंजनाचा घ्या म्हणत होते. त्यांची वस्ती कुंडलच्या अलीकडं, उसात. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब लाल पडतो, असल्या ठिकाणी पाठीतला अ‍ॅम्प्लिफायर किती दिवस टिकणार? पॅसिव्ह पेटीत जळण्यासारखं फार काही नसतं. अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर तेवढाच पिशवीत घालून आणायचा. माझं म्हणणं काही चुकीचं नव्हतं, आजही नाही.

"बरं. चालवायचा कसा?"

"आधी अ‍ॅम्प्लिफायर चालू करायचा. मग हे बटण इकडं फिरवायचं. मग आवाज हळूहळू वाढवायचा."

"म्हंजे मानूस लागतो."

"लागतो की."

"आन् मानूस नसंल तर?"

"तर ते गप्प."

सुभेदार दोन्ही पेट्यांकडं बघत बसले. "आन् इंजनाचा?"

"त्याला आवाजाची चाहूल लागली की तो आपला आपण जागा होतो. दिवा लालचा हिरवा होतो. आवाज थांबला की थोड्या वेळानं झोपतो."

तरी ठरेना. बाजाराच्या दिवशी कराडला आले की दुकानात यायचे, दोन्हींवर हात ठेवून बघायचे, तेच प्रश्न विचारायचे. माझं डोकं उठायचं. एकदा मी जरा तोडूनच म्हटलं, "आवं सुभेदार, तुम्ही घरात असताय की! तुम्ही चालवा. माणूस माणूस काय लावलंय?"

ते शांतपणे म्हणाले, "मी तिच्यापेक्षा लय थोरला हाय, पोरी. छातीत दोनदा दुखून गेलंय. आधी मीच जानार. माझ्या माघारी तिनं ढोल ऐकायला कुनाच्या तोंडाकडं बघायचं? भैऱ्या मानसाला कुनाला हाक मारायची बी चोरी असती. हाक मारली आन् त्यानं ओ दिली, तरी कळत न्हाई."

त्यांना घोर होता तो हाच. मी बिनइंजनाचा हट्ट सोडला. इंजनाचा घेऊन मी स्वतः वस्तीवर बसवायला गेले.

मी म्हटलं, पेटी कोपऱ्यात ठेवू, तिथं आवाज चांगला भरतो. सुभेदार म्हणाले, "आवाज कुनाला पायजे? तिला कळला पायजे." मग काकींच्या लाकडी पलंगाखाली पेटी सरकवली. टीव्हीला वायर जोडली, पेनड्राइव्ह टीव्हीतच ठेवला. काकींनी रिमोट दाबायचा, बाकी सगळं पेटी बघणार.

आणि मग हॅन्डिंग-टेकिंग सुरू झालं. सुभेदार समोर उभे राहून मोठ्यानं आणि हातवारे करून विचारत होते, काकी त्यांच्या ओठांकडं बघून उत्तरं देत होत्या.

"दिवा कसला हाय?"

"लाल."

"म्हंजे?"

"झोपलाय."

"ढोल लागला की?"

"हिरवा. आवं, किती येळा इचारशीला?"

"दिवाच लागला न्हाई तर?"

"प्लग बघायचा."

"आता मी न्हाई," सुभेदार म्हणाले आणि बाहेर शेवग्याखाली जाऊन दाराकडं पाठ करून बसले.

काकी मला म्हणाल्या, "बघ. पेटी यायच्या आधीपास्नं, आठ दिवस झालं, रोज असं मरून दावत्यात." बहिऱ्या माणसाचं बोलणं खणखणीत असतं. ते शेवग्याखाली पोचलं. सुभेदारांचे खांदे हसून हलले, पण मागं वळून काही बघितलं नाही. मेलेल्या माणसानं वळून बघायचं नसतं.

काकींनी रिमोट दाबला. दिवा हिरवा झाला आणि पलंगाखालून ढोल आला. मांडणीवरचे पेले वाजायला लागले. काकींनी दोन्ही तळवे पलंगाच्या फळीवर ठेवले. मग माझ्या मनगटाला धरून मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "पोटात कळतंय. आमच्याकडचाच हाय." त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. तसं वाटलेलं आठवतं, म्हणून सांगते.

सुभेदार दारात आले. काकींचं लक्ष नव्हतं. त्यांनी हातानंच मला विचारलं, घेतलं ताब्यात? मी मान हलवली. तेव्हा ते आत आले.

त्या ढोलानं मलाही उपयोग झाला. गिऱ्हाइकाला सबवूफर दाखवायचा झाला की मी तोच लावायचे. लोक विचारायचे, ही कुठली जत्रा? मी म्हणायचे, आमच्या काकींची.

मग उन्हाळ्यात काकी गेल्या. ताप आला, अंगावर काढला, दवाखान्यात नेलं, तिथून परत आल्या नाहीत. कुंडलकडचंच एक गिऱ्हाईक वायर घ्यायला आलं होतं, त्यानं सांगितलं. वाईट वाटलं म्हणावं तर तसंही नाही. काहीच वाटलं नाही. मी त्याला वायर मोजून दिली. तो गेल्यावर बघितलं तर तीच वायर मी पुन्हा मोजत होते. ढोल मात्र नंतर कधी गिऱ्हाइकाला लावला नाही.

पावसाळा सरता सरता सुभेदार रिक्षातून पेटी घेऊन आले. दाढी केलेली, टोपी नीट. स्टुलावर बसले.

"ह्यो जागा होतो," म्हणाले.

"म्हणजे?"

"टीव्ही लावला की होतो. बातम्या सांगनाऱ्याचा आवाज जाड असला की पलंग हलतो. मी तिच्याच जागंला झोपतो आता. पलंग हलला की वाटतं, उटून बसली."

"आवं, मागं बटण आहे की. बंद करून ठेवा."

"बटन म्हाईत हाय मला. मीच तिला शिकवलंय." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बंद करतो. आन् परत मीच लावतो. हात जातोय, पोरी."

मी चहा सांगितला.

"ह्याचं इंजन काढ," सुभेदार म्हणाले. "बिनइंजनाचा कर. तू पयल्यांदा सांगत हुतीस तसला. मानूस लागंल असा."

चांगलं चालणारं यंत्र मुद्दाम अधू करून द्यायचं, हे माझ्या हाताला पटत नव्हतं. विजेच्या चढउतारातही पाठीतली ती अ‍ॅम्प्लिफायरची प्लेट टिकली होती, माझा अंदाज तिनं खोटा पाडला होता. पण मी केलं. मागचे स्क्रू काढले, दिवा आणि प्लगसकट ती प्लेट बाहेर घेतली. कोनाच्या दोन वायरी सोडवून बाहेर दोन खुंट्यांना जोडल्या. भोकावर प्लायवूड बसवलं. सुभेदारांनी पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती, तिला दुखेल की काय अशी.

"एक अ‍ॅम्प्लिफायर देते," मी म्हटलं. "राहू दे घरात. कधी वाटलं तर लावा."

"नगं. त्यो बी गप बसू दे, मी बी बसतो."

"मग पेटी तरी कशाला न्हेताय? ठेवा इथंच."

"पलंगाखाली मोकळं बरं दिसत न्हाई."

चहा तसाच राहिला. जाताना त्यांनी ती काढलेली प्लेट उचलून माझ्या हातात दिली.

"प्लेट एक. घेतली ताब्यात?"

"घेतली," मी म्हटलं. तेव्हा त्यांनी हात सोडला.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. बाजाराच्या दिवशी मी एकदोनदा दाराकडं बघितलं असेल. नंतर तेही सुटलं.

परवा दुकानात फोन आला. बाईचा आवाज. बेळगावहून आलेली सुभेदारांची मुलगी. बाबा मागच्या महिन्यात गेले, म्हणाली. झोपेतच, काकींच्या पलंगावर. ती आता घर आवरत होती.

"बाबांनी सगळं सांगून ठेवलं होतं हो," ती म्हणाली. "कुठली किल्ली कशाची, मोटारीचा स्टार्टर कसा ओढायचा, अगदी शेजाऱ्यांची शिडी परत द्यायची तेसुद्धा. मला पुन्हा म्हणून दाखवायला लावायचे फोनवर. फक्त ह्या पलंगाखालच्या स्पीकरचं काही बोलले नाहीत. तुमच्या दुकानाचं नाव आहे यावर. चालू होत नाही. प्लगसुद्धा सापडत नाही. बिघडलाय का? भंगारात देऊ?"

"बिघडलेला नाही," मी म्हटलं. "त्याला माणूस लागतो."

"म्हणजे?"

मी म्हटलं, भंगारात देऊ नका, माझ्याकडं पाठवून द्या. ती "बघते" म्हणाली. फोन ठेवला.

मला सुभेदारांचा राग आला. शेजाऱ्याच्या शिडीचा चार्ज दिला आणि ह्याचा नाही! दाखवून, मोजून, पुन्हा पुन्हा विचारून देणारा माणूस, आणि एवढी एक वस्तू तशीच पलंगाखाली टाकून गेला. कुणाला द्यायची नव्हती त्यांना. आता कळतंय, म्हणून राग कमी होतो असं नाही.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी फळीवर ठेवलेली सुभेदारांची प्लेट खाली घेतली, धूळ पुसली, प्लग लावला. दिवा लाल लागला. कॉम्प्युटरची वायर जोडली आणि काकींच्या माहेरचा ढोल लावला.

दिवा हिरवा झाला. आवाज काही आला नाही, यायचा कुठून? वाजणारा कोन तिकडं वस्तीवर, रिकाम्या पलंगाखाली. मी तळहात काउंटरच्या लाकडावर ठेवला आणि ढोल संपेपर्यंत तसाच ठेवला. हाताला काही लागलं नाही.

ढोल संपल्यावर प्लेट थोडा वेळ वाट बघते. मग दिवा लाल झाला. झोपला.

मी प्लग काढला नाही.