गळ्यापासून घोट्यापर्यंत

हिराताई गेल्या त्याला आता महिना होईल. त्यांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसले होते. फोन ठेवला, लेकीला कळवलं... पिशवी अजून उबदारच होती. पाणी ऊब धरून ठेवतं, चटकन सोडत नाही, म्हणून शेकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हे मला हिराताईंनीच सांगितलेलं. आणि आठवीला विज्ञान शिकवणारी मी तेव्हा नाक वर करून म्हणाले होते, "ठाऊक आहे मला, पुस्तकात आहे!"

गोष्ट त्र्याऐंशी सालची. आमचं घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शाळेच्या बक्षीस समारंभाला उंच टाचांच्या चपला घालून मिरवायची मला कोण हौस! त्याच चपलांनी मला जिन्यावरून खाली आणलं, मांडीचं हाड मोडून. प्लास्टर निघालं तेव्हा पाय शेवग्याच्या शेंगेसारखा झालेला. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, चाला. पण जमिनीवर भार टाकला की पाय लटलट कापायचा. तीन जिने कुठले चढणार? म्हणून माझी रवानगी खडवलीला, भावाच्या नदीकाठच्या बैठ्या घरी. सात वर्षांची लेक मीनल आजीबरोबर डोंबिवलीत. एका रविवारी भेटायला आली आणि शांतपणे म्हणाली, "आई, तू आता मामाकडेच राहणार?"

हिराताई भावाच्या शेजारीण. कल्याणच्या खाडीकाठी कोळ्यांच्या घरात जन्मलेल्या. ठाण्याच्या एका इस्पितळात पाण्याच्या टाकीत उतरवून रुग्णांना चालवत, तिथे आयाचं काम करण्यात त्यांची बरीच वर्षं गेलेली. त्यांनी माझा पाय दाबून पाहिला आणि एकच अट घातली, "मी सांगन तवाच पान्याभायेर निंगायचं."

दुसऱ्या दिवशी त्या एक बांबू घेऊन आल्या. मला भिंतीशी उभं करून त्यांनी बांबूवर लाल चिंध्या बांधल्या... माझ्या गळ्याशी, छातीशी, कमरेशी, गुडघ्याशी, घोट्याशी. रोज सकाळी नदीत बांबू रोवून, पाणी ठरल्या चिंधीला टेकेल ती जागा त्या शोधायच्या. आधी गळ्याएवढं पाणी. मी भेदरून त्यांच्या मानेला लटकले. "बाय माजे, पानी तुला धरतंय, तू मना कशाला धरतंस?" त्या म्हणाल्या. आणि खरंच, माझा भार कुणीतरी काढून घेतला होता! पाणी खालून उचलत होतं, चहूकडून दाबत होतं, संध्याकाळपर्यंत घोट्याची सूज उतरली. घाईने पाय टाकला की पाणी अडवायचं, हळू टाकला की वाट द्यायचं. "याला प्लावक बल म्हणतात," मी गळाभर पाण्यातून त्यांना शिकवलं. त्यांनी मान डोलावली. केवढा तो मोठेपणा!

पुढच्या रविवारी मीनल काठावर उभी होती. तोवर मी पाण्यात हात न धरता चालू लागले होते, म्हणजे माझ्या मते बरीच झाले होते. हिराताई पदर पिळत होत्या तेवढ्यात मी ऐटीत निघाले सरळ काठाकडे. छाती, कमर... प्रत्येक पावलाला कुणी पाठीवर तांदळाचं पोतं ठेवत होतं. गुडघाभर पाण्यात पाय दुमडला आणि मी लेकीसमोर चिखलात तोंडघशी! मीनल भोकाड पसरून रडली. हिराताईंनी मला अंबाड्याला धरून उठवलं.

"मास्तरीनबाय, पुस्तकात काठ नाय का लिवलेला?"

मी रडत म्हणाले, "मी घरी जाणारच नाही आता." त्यांनी समजूत घातली नाही. बांबू उपटला आणि पुन्हा गळ्याएवढ्या पाण्यात नेऊन रोवला. "चल. जिथं चालत व्हतीस, तिथून."

मग मात्र मी प्लावक बलाचं नाव काढलं नाही. दर आठवड्याला एक चिंधी खाली. घोट्याशी पोचले तेव्हा त्या स्वतः मला डोंबिवलीला घेऊन आल्या, बांबूसकट. जिन्यात माझ्या मागे. मी थांबले की विचारायच्या, "इथं पानी किती?" मी डोळे मिटून म्हणायची, "कमरेएवढं." वर दारात मीनल उभी होती. शेवटच्या पायरीवर हिराताईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, "घोट्याएवढं." त्या म्हणाल्या, "मंग पाय पुस नि घरात जा."

दोन महिन्यांपूर्वी त्यांना भेटले तेव्हा पक्षाघाताने त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली. बोलणं गेलेलं. मी परातीत कोमट पाणी घेतलं, मूठ त्यात ठेवली, खालून हाताचा आधार दिला. बऱ्याच वेळाने एकेक बोट सैल झालं... त्या माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसल्या. मास्तरीनबाय अखेर शिकली!

त्यांचा बांबू आमच्या गॅलरीत आहे, मी त्यावर कपडे वाळत घालते. चिंध्यांचा रंग उडालाय. दहाव्याहून परतले त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर थांबले, गुडघा धरून. सवयीने स्वतःलाच विचारलं, इथं पानी किती?

गळ्याएवढं, हिराताई. पण चालता येतंय.