दामलेसरांचा स्वगताचा तास

दामलेसरांचं नाव निघालं की एका किश्श्यावर भागत नाही. सावंत भेटला तर तो दोन सांगतो, वंदना भेटली तर माझे दोन "असं नव्हतं गं" म्हणून दुरुस्त करते, आणि घरी पोचेपर्यंत मला आणखी एक आठवलेला असतो.

ऐंशीच्या दशकात आम्ही तिघं नोकरी सांभाळून बाहेरून इंग्रजीचं एम.ए. करत होतो. मी भांडुपच्या शाळेत शिकवायचे, सावंत आरे कॉलनीत डेअरीच्या ऑफिसात होता, वंदना जाधव टेलिफोन ऑपरेटर. दामलेसर रिटायर्ड प्रोफेसर. मुलुंडच्या एका शाळेतला रिकामा वर्ग मागून घेऊन ते दर शनिवारी दुपारी आम्हाला शिकवायचे. विषय त्यांचा आयुष्यभराचा: युरोपातल्या जुन्या लेखकांनी माणसाचं मन कसं दाखवलं.

सरांचं म्हणणं असं, की मध्ययुगातला कवी माणसाच्या आत शिरत नाही. नायिकेला दुःख झालं की ती केस सोडते, मूर्च्छा येऊन पडते, संपलं. नाहीतर भीती, लाज, आशा या माणसांसारख्या स्टेजवर येतात आणि आपापसात भांडतात. पुढे प्रबोधनकाळातल्या नाटककाराने सगळ्यांना विंगेत पाठवलं, एकट्या माणसाला पुढे उभं केलं आणि मनात चाललंय ते मोठ्याने बोलायला लावलं. "तिथे मन जन्माला आलं," सर म्हणायचे.

*

स्वगत म्हणजे काय ते कळावं म्हणून सरांनी एकदा सावंतला उभं केलं. "आम्ही इथे नाहीच असं समज. मनात आहे ते बोल."

सावंतने खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग आमच्याकडे. घाबरला की तो मालवणीवर यायचा. "सर, माका कायच सुचत नाय. भूक लागलीहा."

"बस खाली," सर शांतपणे म्हणाले. "तू अजून मध्ययुगातच आहेस."

*

दुसऱ्या एका शनिवारी सरांनी आम्हाला भूमिका वाटल्या. मी आशा, सावंत लाज, वंदना भीती. सर स्वतः माणूस होऊन एका बाकावर बसले, आणि आम्ही तिघांनी त्यांना आपापल्या बाजूला ओढायचं होतं. मी बरंच बोलले. सावंतही त्या दिवशी झकास बोलला. वंदना उठली, सरांच्या बाकावर जाऊन बसली आणि गप्प राहिली.

"वंदना, तुझी पाळी."

"चालू आहे सर."

"मग ऐकू कसं येत नाही?"

"भीती कुठे बोलते सर? ती नुसती शेजारी येऊन बसते."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी तास लवकर सुटला.

*

सावंतने एकदा वेगळाच प्रश्न काढला. "सर, आमचे आजोबा गावाला रोज अभंग म्हणायचे. त्यात माणूस स्वतःच्याच मनाशी भांडतो, त्याच्या विनवण्या करतो. तो मध्ययुगातलाच ना? मग त्याला मन कुठून आलं?"

सर पाच मिनिटं वर्गात येरझारा घालत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं शिकवतोय यार. तू माझी वाट लावलीस."

सर "यार" म्हणाले, हे सावंत अजून सांगत फिरतो.

*

वंदनाने मात्र सरांना खरं अडवलं ते तिच्या वडिलांवरून. तिचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली, आणि त्यांनी घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. रोज पहिल्या पाळीला निघायचे तसे डबा घेऊन निघायचे. कुठे जायचे ते कुणाला माहीत नव्हतं. पाळी सुटायच्या वेळेला परत यायचे, डबा घासून पालथा घालायचे. सहा महिने हे चाललं.

"ते एकदाही रडले नाहीत सर, आणि बोलले तर नाहीतच," वंदना म्हणाली. "तुमच्या नाटककाराने त्यांना स्टेजवर एकटं उभं केलं असतं, तरी ते डबाच घासत बसले असते. मग त्यांना आतलं काही नाही, असं मी परीक्षेत लिहू?"

"नको लिहूस," सर म्हणाले. "मलाही आता लिहिता येणार नाही."

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांच्या पत्नीला, मालतीकाकूंना, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सर त्यांना सोडून बाहेर पडेनात, म्हणून तास त्यांच्या घरी सुरू झाला. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत काकूंची कॉट, मधला पडदा बाजूला सारलेला, आणि बाहेर आम्ही.

सर दिवसभर काकूंशी बोलत असत. भाजी काय आणली, पेपरात काय आलंय, आज पोरांना काय शिकवणार आहे. शेजारच्या बाईंनी एकदा आमच्यासमोरच विचारलं, "त्यांना कळतं का हो काही?"

"ठाऊक नाही," सर म्हणाले. "पण मी एकटाच बोलतोय, असं मला अजून वाटलेलं नाही."

*

परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला सर उजळणी घेत होते. मध्ययुगातला कवी 'ती रडली' एवढं लिहून थांबतो, तेव्हा आपण काय समजायचं, असा त्यांचा प्रश्न होता. मी काहीतरी पाठ केलेलं सांगितलं. सावंतने मान खाली घातली. वंदना विचार करत होती.

तेवढ्यात आतल्या खोलीत हालचाल झाली. काकूंनी डावा हात उचलला होता. पाणी मागताना उचलायच्या तसा नाही. वर्गात उत्तर येणारी मुलगी करते तसा, सरळ वर.

सर थांबले. पुस्तक मिटून खाली ठेवलं. "बोल, मालू."

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. ओठ थोडे हलले. सर उभे राहून ऐकत होते, आम्ही बोलायला लागलो की ऐकायचे तसे, मान किंचित कलती करून. बऱ्याच वेळाने काकूंनी हात खाली घेतला.

"बरोबर," सर म्हणाले, आणि आमच्याकडे वळून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.