रुंद तोंडाची जात

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या गृहस्थांना सगळे थेंबभाऊ म्हणत. शिक्षण दहावी नापास. पण तळ्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, की त्यातला एकपेशीय जीव कोणत्या गटातला, हे ते नुसत्या चालीवरून सांगत. शेपटीने पोहणारे, अंगभर केसांनी वल्हवणारे, अंग ओतत सरकणारे, सगळे त्यांच्या ओळखीचे. मी डॉक्टरेट केलेली बाई, पुस्तक उघडून बसे. विद्यार्थी आधी त्यांच्याकडे जात, मग सहीपुरते माझ्याकडे. माझा नुसता जळफळाट होई.

त्यांची एक खोड होती. धुवायला दिलेली बाटली ते लगेच धूत नसत. आत जीव आहेत म्हणून आठवडाभर खिडकीत ठेवत आणि रोज त्यातला थेंब बघत. एकदा मी चारचौघांत बजावलं, की माझ्या कामात नाक खुपसायचं नाही आणि मत तर मुळीच द्यायचं नाही. ते मान डोलावून गेले.

त्याच वर्षी सुट्टीनंतर, कपाटात राहून गेलेल्या बाटलीत मला रुंद तोंडाचा एक दांडगा जीव सापडला. ताज्या पाण्यात असत ते बारीक तोंडाचे. मी नेहमीसारखं औषध घालून नमुने मारले, मापं घेतली आणि नवी जात म्हणून शोधनिबंध छापायला पाठवला. माझी बढती त्यावरच अडली होती. स्वीकारल्याचं पत्र आलं, ते मी मुद्दाम थेंबभाऊंसमोर मोठ्याने वाचलं. जळणं म्हणजे काय ते त्यांनाही कळू दे, असं मला वाटत होतं. ते बाटल्या विसळत राहिले. काही बोलायचं नाही का, असं मीच टोचून विचारलं.

"तुम्ही बोलू नका म्हणाला होतात, बाई. पण ती जात एकच आहे. खाणं संपलं, की त्यातल्याच एखाद्याचं तोंड रुंद होतं आणि तो भावकीलाच गिळतो. तुमच्या धुवायच्या बाटलीत तीनदा पाहिलंय."

मेलेल्या नमुन्यांत मला हे दिसणार कुठून?

त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, स्वतःचं स्टूल पुढे केलं. तासाभराने भिंगाखाली एकाने दुसऱ्याला गिळलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर विजय शोधत होते. ते मात्र मला नीट दिसलं ना, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते.

मी निबंध मागे घेतला. थेंबभाऊ त्या दिवशी हसले असते, तर निदान त्यांचा राग तरी करता आला असता.