कंदील जळेपर्यंत

आग लागली की आमचा साहेब आधी आगीकडं पाठ करायचा. लोकांना ते दिसायचं आणि लोक चिडायचे. घर पेटलंय आणि हा बाबा बोटानं आम्हाला मोजतोय. म्हणायचा, "आग कुठं पळून जात न्हाई. आधी माणसं मोजू." आम्ही सगळे मिळून सातजण. तरी मोजायचा.

मी सांगलीला आगीच्या बंबावर होतो. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर सोडून द्या. साहेब शिरवळच्या बाजूचा, पलटणीतून आलेला. नाव लिहीत नाही. त्याला आवडलं नसतं.

तुम्ही पुढं पळणारे साहेब पाहिले असतील. हा तसला नव्हता. आत जायला जो पहिला हात वर करील त्यालाच मागं ठेवायचा. "तुला लय घाई हाय रं गड्या. पाइपापाशी उभा ऱ्हा." मी निम्म्या आगी पाइपापाशी उभं राहून बघितल्या.

नगरपालिकेच्या मेंबर लोकांशी त्याचं जमलं नाही. एका मेंबरनं पुतणीच्या लग्नात मांडवापुढं पाणी मारायला बंब मागितला. हा म्हणाला, "न्या की. फकस्त त्या दिवशी गावात आग लागली तर नवरदेवाला पाठवा." बंब गेला नाही. मेंबरनं ते लक्षात ठेवलं.

धुरात घालायचा हवेचा संच आमच्याकडं एकच. पाठीवर बाटली, तोंडाला मुखवटा. बाटली संपली की भरायला पुण्याला जायची, ती आठ-आठ दिवस परत यायची नाही. साहेबानं दुसरी बाटली मागितली. सभेत त्याच मेंबरनं विचारलं, "हवा कवापासनं इकत घ्यायला लागला?" सगळे हसले. बंबखान्यात ते ऐकून आम्हीपण हसलो, खोटं कशाला बोलू. बाटली आली नाही.

मोठा दुष्काळ होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हा सांगलीत हळद पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली रांजणासारखी खोली, वर तोंड एका माणसापुरतं. आतली हवा कोंडून विषारी होते. म्हणून तोंड उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरायचा. हमालांना हे शिकवावं लागत नव्हतं.

त्या दिवशी मालाला ट्रक येऊन उभा होता आणि व्यापारी घाई करत होता. पेव त्याच सकाळी उघडलेलं, दिवस भरला नव्हता. दुपारी एक हमाल कंदील न सोडताच उतरला आणि आत पडला. त्याला काढायला दुसरा उतरला. तोही वर आला नाही. मग बंबाला फोन.

दुसरा माझा मेव्हणा होता, बायकोचा पाठचा भाऊ. ते तिथं पोचल्यावर कळलं.

संचाची बाटली पुण्याला गेलेली. मी दोर कमरेला बांधायला लागलो. साहेबानं कंदील सोडला. दोन हात खाली गेला आणि विझला.

"न्हाई," तो म्हणाला.

"आवं साहेब, माझा मेव्हणा हाय. दम धरून उतरतो."

"त्या दोघांनी बी दम धरलाच आसंल."

मी त्याला ढकललं. आमच्या कमरेच्या पट्ट्याला लोखंडी आकडा असायचा. त्यानं माझा पट्टा फिरवून तो आकडा पाठीमागं नेला, बंबाच्या दांडीत अडकवला आणि माझ्यापुढं उभा राहिला. माझा हात पोचेना. मी त्याला आईवरनं शिव्या दिल्या.

"दे. अजून दे. पण हितंच ऱ्हा."

गर्दीतनं कुणीतरी म्हणालं, "बांगड्या आणा रं ह्यांस्नी." त्यानं तिकडं बघितलंही नाही. बाजारातला धान्य उफणायचा पंखा उचलून आणवला, ताडपत्रीचं नळकांडं केलं आणि वारा आत सोडला. कंदील सोडला, विझला. पुन्हा सोडला, विझला. तिसऱ्यांदा जळत राहिला. तेव्हा त्यानं कुणाला उतरायला सांगितलं नाही. स्वतःच उतरला.

दोघांना वर काढलं. दोघंही गेलेले. आम्ही पोचलो तेव्हा मेव्हणा जिवंत होता का, हे मी कुणाला विचारलं नाही.

मेव्हण्याचे दिवस झाल्यावर साहेब आमच्या घरी आला. टोपी हातात. बायकोला म्हणाला, "ताई, तुमचा मालक उतरत व्हता. मी बांधला. बोलायचं ते मला बोला, त्याला न्हाई." ती आत निघून गेली. तो उंबऱ्याशी बराच वेळ उभा राहिला, मग गेला.

चौकशी झाली. त्यानं बाटलीचं सांगितलं, ते कुणी लिहून घेतलं नाही. मला विचारलं, साहेबानं तुला अडवलं का. मी म्हणालो, व्हय. तेवढंच म्हणालो. त्याला जकात नाक्यावर बसवलं. वर्षभरात तो नोकरी सोडून गावाकडं गेला.

बायकोनं त्याचा विषय घरात काढू दिला नाही. आम्हाला दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली. गेल्या साली ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, "त्या सायबाला जाऊन सांगा."

"काय?"

"तुमास्नी बांधलं ते बरं केलं म्हणावं. मला तवाच कळलं व्हतं."

"मग तवा का बोलली न्हाईस?"

"भाऊ गेला व्हता माझा."

तिचे दिवस झाले आणि मी शिरवळची एसटी धरली. गाव सापडलं, घर सापडलं. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरी सून होती.

"काय काम व्हतं, बाबा?"

"काम न्हाई. एका बंबावर होतो आमी."

तिनं बळंच जेवायला बसवलं. वाढता वाढता म्हणाली, "मामंजी होते तवर आमच्यात भाजीला हळद नसायची. वास आला तरी ताटावरनं उठायचे. आमच्या लग्नात हळद लागली तवा मळ्यात जाऊन बसले. का ते कधी सांगितलं न्हाई. तुमाला म्हाईत हाय का?"

"हाय," मी म्हणालो.

ती भाकरी हातात घेऊन थांबली. मी जेवत राहिलो. मग तिनं भाकरी वाढली. ताट संपवलं, हात धुतला. बोटं पिवळीच राहिली. तशीच बोटं घेऊन फाट्यावर येऊन उभा राहिलो.